लावणीआधी जिवाणूंची काळजी घ्या

जूनचा हा अंक हाती पडेल तेव्हा कोकणात भाताची रोपे तरारू लागलेली असतील आणि कृषी सेवा केंद्रांत जिवाणू खतांची विक्री सुरू झालेली असेल. शिफारस आहे, माल उपलब्ध आहे. तरीही ‘वापरून पाहिले, फरक पडला नाही’ अशी तक्रार शेतकरी करतात. आमच्या मते तिचे मूळ बहुधा हाताळणीत असते.

ॲझोस्पिरिलम मुळांभोवती राहून हवेतील नत्र स्थिर करते, शिवाय वाढीची संप्रेरके सोडून तंतुमुळांची संख्या वाढवते. जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत स्फुरद लोह व ॲल्युमिनियमशी बांधला जातो. स्फुरद विरघळविणारे जिवाणू सेंद्रिय आम्लांच्या साहाय्याने त्यातला काही भाग मोकळा करतात. ही सारी कामे जिवंत पेशींची आहेत. म्हणूनच खत नियंत्रण आदेशाने भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान 5 कोटी आणि द्रवरूप खताच्या दर मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत पेशींची अट घातली आहे. तापलेल्या पत्र्याखाली पाकिटे ठेवली, तर ही संख्या फक्त लेबलवर उरते.

शेतावर घोटाळा होतो तो क्रमाचा. मिठाच्या 3 टक्के द्रावणातून निवडलेले बियाणे आधी स्वच्छ पाण्याने धुवावे. बुरशीनाशक आधी, जिवाणू खत सर्वांत शेवटी; मग बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. लावणीच्या दिवशी रोपांच्या मुळांची माती धुऊन जुड्या जिवाणूंच्या द्रावणात 15 ते 30 मिनिटे बुडवाव्यात आणि उन्हात न ठेवता खाचरात न्याव्यात.

विक्रेत्यांना एक स्पष्ट सांगणे आहे: ‘हे घाला, युरिया बंद करा’ असे सांगून माल विकू नका. जिवाणू खत पूरक आहे. रासायनिक खताची मात्रा माती परीक्षणावरूनच ठरावी. उलट भरमसाट युरिया ओतला, तर नत्र स्थिर करण्याचे काम मंदावते, हेही शेतकऱ्याला सांगा.

कृषी सहायकांनी यंदा प्रत्येक गावात एका खाचरात निम्म्या भागावर प्रक्रिया केलेली आणि निम्म्या भागावर प्रक्रिया न केलेली रोपे लावून घ्यावीत. वाण, लावणीचा दिवस आणि खताची मात्रा एकच ठेवावी. फुटवे मोजावेत, कापणीला दोन्हींचे वजन करावे. नोंदी आमच्याकडे पाठवा. निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, आम्ही तो छापू.