येर

आमचं नागरा गोंदियाला लागूनच. जिल्ह्याच्या नावातच गोंड आहेत, असं पुष्कळजण सांगतात (काहींच्या मते तो गोंद, म्हणजे डिंक. असो.). पण गोंदियाच्या बाजारात दिवसभर फिरा. हिंदी, मराठी, पोवारी कानावर पडेल, गोंडी क्वचितच.

१९७४ साली मी सालेकसा भागात मास्तर म्हणून लागलो. पहिलीतलं एक पोरगं सारखं "येर, येर" म्हणत होतं. मी दरडावलं, "नीट बोल!" ते गप्प झालं. मधल्या सुट्टीत चौथीतली मुलगी म्हणाली, "गुरुजी, त्याले पाणी पाह्यजे होतं."

गोंडी ही मराठीचीच बिघडलेली बोली, असं मी बरीच वर्षं समजत होतो. ती द्राविडी आहे. दोन, तीन, चार म्हणजे गोंडीत रंड, मुंद, नालुंग. तेलुगूत रेंडु, मूडु, नालुगु. लिपी नाही म्हणावं, तर मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये एक तयार केली, तेलंगणातल्या गुंजाला गावी जुन्या हस्तलिखितांत दुसरी सापडली. दोन्ही आता युनिकोडमध्येही आहेत.

२०११ च्या जनगणनेत गोंड सव्वा कोटींहून जास्त, पण गोंडी मातृभाषा सांगणारे तीस लाखांच्या आत. बोडो भाषकांच्या ते दुप्पट. बोडो २००३ साली आठव्या अनुसूचीत गेली, गोंडी अजून बाहेर. बोडो मुख्यतः आसामात एकवटलेले. गोंडी मात्र चार-पाच राज्यांत वाटली गेली, आणि शाळेची भाषा सगळीकडे एक नाही.

माझ्या मते अनुसूचीपेक्षा पहिलीचा वर्ग आधी. गोंडीने नोकरी लागते का, असं आईबाप विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण पहिल्याच दिवशी मुकं झालेलं पोर मराठी तरी कसं शिकणार? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा काढली. ते काम आम्हा मास्तरांना सुचायला हवं होतं.

मध्यंतरी माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत एका म्हातारीकडे मी "येर" मागितलं. तिने हसून लोटा पुढे केला आणि हिंदीतून विचारलं, "कहाँ के हो बाबूजी?"