खांदेमळणी आणि नाथांचे गाढव

उद्या पोळा. आज सायंकाळी आमच्या पैठणच्या आसपास वाड्यावस्त्यांवर खांदेमळणी होईल. बैलाचा खांदा कोमट पाण्याने शेकावयाचा, त्यास हळद-तूप चोळावयाचे आणि उद्याच्या जेवणाचे आवतण द्यावयाचे, अशी ही जुनी रीत. आम्ही तिच्याकडे केवळ पूजेचे अंग म्हणून पाहत आलो. वस्तुतः हात फिरविताना जुवाने पडलेला घट्टा, सूज, चिघळलेली जखम हाताला लागते. म्हणजे ती वर्षाची तपासणीच होय. दुसऱ्या दिवशी झूल चढली की ती जखम झाकली जाते, हे निराळे.

नाथांनी रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, हे आख्यान आम्ही चाळीस वर्षे लावीत आलो. श्रोत्यांचे डोळे पाणावतात, बिदागीही मिळते. तीन वर्षांपूर्वी नाथषष्ठीस हेच आख्यान लावून रात्री परतताना घाटापाशी एक गाढव उभे दिसले. पाठ सोलवटलेली, जखमेत अळ्या. आम्ही उपरण्याचे टोक नाकाशी धरले आणि पुढे गेलो. सकाळी स्नानास गेलो, तो आमच्याच श्रोत्यांतली दोन मुले ती जखम धूत बसली होती.

या मुलांचे दहा-बारा जणांचे मंडळ आहे. दर रविवारी घाटावर त्यांचा दवाखाना भरतो. एक निवृत्त पशुवैद्य विनामूल्य येतात. बैल-गाढवांच्या जखमा, भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस, रात्री रस्त्यात बसणाऱ्या गुरांच्या गळ्यात चकाकणारे पट्टे, असे त्यांचे काम. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाढवाच्या पाठीवर ५० किलोंहून अधिक ओझे घालता येत नाही. मुलांनी वाळू वाहणाऱ्यांना हे सांगितले, ते दंडाचा धाक घालून नव्हे; पाठीवर घालावयाच्या जाड गाद्या शिवून देऊन. गाढववाल्यास निर्दय म्हणणे सोपे आहे. त्याची चूल त्याच पाठीवर पेटते.

गोग्रासाविषयी त्या वैद्यांनी आमचे कान उपटले, ते घरोघरच्या माउलींनीही ऐकावे. गाई-बैलांच्या पोटात चारा पचविणारे सूक्ष्म जीव असतात. पुरणपोळी, भात, कणीक असे पिठूळ व गोड अन्न एकदम पोटभर गेले की तेथे आम्ल वाढते, रवंथ थांबतो, आणि वेळीच उपाय न झाल्यास जनावर दगावते. उद्या शेजारची दहा घरे एकाच बैलास पोळी भरवतील, प्रत्येक घर प्रेमाने! नैवेद्याचा एक घास पुरे. बाकी हिरवा चारा घालावा. शिळे अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाईपुढे टाकणाऱ्यांस काय म्हणावे? ती पिशवी गाईच्या पोटातच साठून राहते.

पावसाळ्यापुरती एखादी ओवरी मिळावी म्हणून मुले एका धर्मशाळेकडे गेली. कुत्री-गाढवे आल्याने जागा विटाळेल, असे उत्तर मिळाले. वर शास्त्राचा हवालाही! शास्त्र आम्हीही थोडेफार वाचले आहे. विराटाघरी सहदेव तंतिपाल होऊन गाईंची निगा राखतो, नकुल ग्रंथिक नावाने घोडे सांभाळतो, आणि दोघेही जनावरांच्या रोगांची जाण हीच आपली पात्रता म्हणून सांगतात. अश्वांसाठी शालिहोत्राचे, हत्तींसाठी पालकाप्याचे शास्त्र आपल्याकडे आहे. राजपुत्रांना जे काम हलके वाटले नाही, ते नाथांच्या गावी ओवरीला विटाळते, हे आम्हांस पटत नाही.

येत्या रविवारपासून हा दवाखाना आमच्या वाड्याच्या पडवीत भरेल. सोवळ्याचे काय करावयाचे, हा घरातला वाद अद्याप मिटलेला नाही. जखमा धुण्यास पाणी तापवावयाचे मोठे पातेले मात्र सौभाग्यवतींनी आजच माळ्यावरून काढून ठेवले आहे.