शाळा सोडल्याचा दाखला घेऊ नका



बिबवेवाडीत अप्पर आणि सुपर इंदिरानगरात आम्ही आरोग्याच्या कामासाठी घरोघर जातो. रक्तदाब मोजतो, गरोदर बायांची चौकशी करतो. निघताना उंबऱ्यापाशी एखादी आई हळूच विचारते, "ताई, आमचं पोरगं डोक्यानं कमी आहे का हो? चौथीत गेलं तरी अक्षरं उलटी काढतंय."

अशाच एका आईला जूनमध्ये शाळेत बोलावून सांगितले, "याचा दाखला घेऊन जा, आमच्याकडे जमणार नाही." ती धुणीभांडी करणारी. साहेबांपुढे काय बोलणार? अर्जावर सही केली आणि दाखला घेऊन आली. मुलगा अकरा वर्षांचा. दिवाळीपर्यंत घरी बसून धाकट्या बहिणीला सांभाळत होता. आम्ही त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. लहानपणापासून त्याचे दोन्ही कान वाहत होते. मागच्या बाकावर त्याला बाईंचे निम्मे बोलणे ऐकूच येत नव्हते. पोरगा ढ नव्हता. चूक एकट्या शाळेची नाही. आम्ही परिचारिका म्हणून काम केलेली माणसे. त्या घरात दोन वर्षे रक्तदाब मोजत होतो, पण पोराच्या कानात एकदाही डोकावलो नाही.

म्हणून पहिले सांगणे हे: कुणी सांगितले तरी शाळा सोडल्याचा दाखला घेऊ नका. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मूल आधीच घरी बसले असेल, तर त्याला वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसवणेही याच कायद्यात आहे.

दुसरा कायदा दिव्यांग व्यक्ती हक्कांचा, 2016 चा. 1995 च्या जुन्या कायद्यात 7 प्रकार होते, आता 21 आहेत. त्यात कमी ऐकू येणे आहे, मंददृष्टी आहे, स्वमग्नता आहे, सिकलसेलही आहे. अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे बुद्धी ठीक, डोळे-कान ठीक, पण वाचन, लेखन किंवा गणित जुळत नाही. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याला लागेल ती सोय करायची. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सारे कायद्यातच आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

"40 टक्के भरत नाहीत, मग काही मिळणार नाही," असे सांगून पालकांना परत पाठवतात. तेही ऐकून घेऊ नका. लिहिताना हात आखडणाऱ्या विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितले, की लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट घालता येणार नाही.

आता मनातली गोष्ट बोलू. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र म्हटले की घरातली माणसे दचकतात. "पोराला शिक्का बसेल, पोरीचं लग्न जमणार नाही." बंधू-भगिनींनो, जातीचा दाखला आपण पत्र्याच्या पेटीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जपतो. तो दाखवला म्हणून आपण कमी ठरतो का? ज्यांनी अन्याय केला त्यांच्याकडून हक्क मागण्याचा तो पुरावा आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. मग मुलाच्या अडचणीचा दाखला तेवढा लाजेचा कसा? लपवलेल्या मुलाला काहीच मिळत नाही. दाखला काढलेल्या मुलाला निदान मागता येते.

करायचे काय? आधी डोळे आणि कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढच्या तपासणीसाठी ससून किंवा औंधचे जिल्हा रुग्णालय आहे. दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरतात. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळते, पण मदत त्याआधीच सुरू करा. मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: मुलाला कोणती अडचण आहे, कोणती सोय हवी. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह. शाळा तोंडी नकार देते, कारण तोंडी नकाराला पुरावा नसतो. आपण लेखीच मागायचे. उत्तर आले नाही, तर महापालिकेचा शिक्षण विभाग आहे, आणि राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय तर आपल्या पुण्यातच आहे.

पालकसभेत एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या शाळेत विशेष शिक्षक आहे का? केंद्र सरकारच्या 2022 च्या अधिसूचनेनुसार प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. तो नसेल तर कायदा भिंतीवरच्या तक्त्यापुरता उरतो.

चूळपंथक भिक्खूची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या थोरल्या भावाने त्याला निघून जा म्हटले. तथागतांनी त्याला परत घेतले. पाठांतर बाजूला ठेवले आणि हातात पांढरे कापड दिले. ते चोळता चोळता मळते कसे, हे पाहून तो शिकला. विद्यार्थी तोच होता, शिकवण्याची रीत बदलली. कायदा ज्याला सोय म्हणतो, ती हीच.

प्रत्येक विहार समितीला आमची विनंती आहे. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास एक टेबल लावा. लिहिता येणाऱ्या दोन मुलींना तिथे बसवा. ज्या आईला अर्ज लिहायचा आहे तिला लिहून द्या, आणि शाळेत जाताना तिच्याबरोबर एक माणूस पाठवा. एकट्या आईला बाकावर ताटकळत ठेवतात. दोघी गेल्या की खुर्ची मिळते, हा आमचा अनुभव आहे.

तो मुलगा डिसेंबरात पुन्हा शाळेत गेला. आता पहिल्या बाकावर बसतो, कानाचे औषध चालू आहे. त्याचे गेलेले सहा महिने मात्र कुणीच भरून देणार नाही. तुमच्या गल्लीतले असे मूल आजच शोधा.

नमो बुद्धाय!