अनुभवाचा हिशेब मागणाऱ्या परिचारिकांचा जाहीरनामा

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या परिचारिका. थोरल्या दवाखान्यातल्या, म्हणजे सीपीआरमधल्या. तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांतल्या. राजारामपुरी-शाहूपुरीतल्या खासगी दवाखान्यांतल्या. आणि चंदगड-शाहूवाडीच्या उपकेंद्रांवर एकटीने चार-चार गावं सांभाळणाऱ्या. कुणी एएनएम, कुणी जीएनएम, अलीकडच्या मुली बी.एस्सी. होऊन येतात. आमच्यात ब्रदरही आहेत. आज आम्ही एक चळवळ सुरू करत आहोत आणि तिचं म्हणणं एकच आहे. या कामात घालवलेल्या वर्षांची किंमत पदात, पगारात आणि अधिकारात दिसली पाहिजे. नर्सिंगमध्ये वर चढत जाता आलं पाहिजे, तेही कोल्हापूर न सोडता.

ही वर्षं काय शिकवतात, ते आधी सांगतो. रात्री तीन वाजता ऑपरेशन झालेला पेशंट म्हणतो, "सिस्टर, कसंतरीच होतंय." नाडी ठीक, बीपी ठीक, ताप नाही. नवी मुलगी नोंद करून पुढच्या खाटेकडे वळते. बारा वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर थांबते आणि मिनिटभर त्याचा श्वास मोजते. संध्याकाळी सोळा होता, आता चोवीस आहे. बीपी कोसळायच्या कितीतरी आधी श्वास बदलतो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं आणि नंतर खाटेपाशी उभं राहून अनुभवलं. ती डॉक्टरांना उठवते. पोटॅशियमची सलाईन किती संथ चालली पाहिजे, ती घाईने गेली तर हृदय कसं बंद पडतं, कमी वजनाच्या बाळाला नळीने दूध देण्याआधी काय तपासायचं, बाळंतिणीचा रक्तस्राव नेहमीचा कुठवर आणि धोक्याचा कुठून, हे सगळं हातांत मुरायला वर्षं लागतात. सकाळी चार्ज देताना या गोष्टी दोन ओळींत सांगून ती घरी जाते. केस पेपरवर तिचं नाव नसतं. डिस्चार्जच्या पेढ्यांतला एक मात्र तिला मिळतो, आणि तो देणाऱ्याच्या डोळ्यांतली कृतज्ञता खरी असते, हे आम्हाला ठाऊक आहे.

आता याच सिस्टरने दवाखाना बदलला तर काय होतं, ते पाहा. नव्या ठिकाणी तिचा पगार जवळजवळ नवशिकीचाच. जुन्या ठिकाणी अनुभवाचं पत्र मिळता मिळत नाही. कुठे बॉन्डची भीती असते, कुठे मूळ प्रमाणपत्रंच कपाटात अडकवून ठेवलेली असतात. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करायचं म्हटलं तर नोकरी सोडावी लागते, कारण शिकायला रजा देणारे दवाखाने फार थोडे. सरकारी दवाखान्यात एनएचएमखाली कंत्राटावर वर्षं सरतात आणि सेवाज्येष्ठतेचा प्रश्नच निघत नाही. मग आमच्या मैत्रिणी पुण्या-मुंबईला जातात, आखातात जातात, इंग्रजीची परीक्षा देऊन ब्रिटनला जातात. त्यांना आम्ही अजिबात दोष देत नाही. पण त्यांच्याबरोबर जी समज गेली, ती या जिल्ह्यातल्या पेशंटच्या वाट्याची होती.

आमच्या सेवाभावाचं कौतुक खूप होतं. त्या कौतुकासमोर आम्ही अरुणा शानभाग यांचं नाव ठेवतो. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएममध्ये ड्युटी संपवून त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या आणि तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे १८ मे २०१५ पर्यंत, जवळपास बेचाळीस वर्षं, त्यांना त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी सांभाळलं. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण शुश्रूषा खंडली नाही. याहून मोठा सेवाभाव कुणी दाखवावा? आणि तरीही आजसुद्धा कितीतरी दवाखान्यांत सिस्टरला कपडे बदलायला दाराला कडी असलेली खोली मिळत नाही. रात्रपाळीला येण्या-जाण्याची सोय तिची तिनेच बघायची. शेवटची केएमटी गेली की भाऊ किंवा नवरा गाडी घेऊन येईपर्यंत ती गेटवर थांबते.

पगाराचं म्हणाल तर आम्ही नवं काहीच मागत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांहून कमी देऊ नये आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतकं वेतन द्यावं, असं त्या समितीने सांगितलं. केरळच्या परिचारिकांनी संप केले, मोर्चे काढले आणि २०१८ मध्ये २०,००० रुपये किमान मूळ वेतनाची अधिसूचना काढायला लावली. आमच्यातल्या अनेकींच्या हातात आजही त्याहून बरंच कमी पडतं.

दवाखान्याच्या मालकांना आणि त्याहून अधिक इथल्या नागरिकांना आमचं सांगणं आहे की हा प्रश्न तुमच्या खाटेपाशीच येऊन थांबतो. २०१४ साली 'द लॅन्सेट'मध्ये युरोपातल्या ९ देशांच्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास छापून आला. शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण त्यात होते. परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की ती तेवढीच कमी होत होती. आपल्याकडचं मानक साध्या वॉर्डात सहा रुग्णांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक असं आहे. रात्री वॉर्डात एक फेरी मारा आणि स्वतः मोजा.

हे कोल्हापूर आहे, म्हणून आम्हाला आशा आहे. शाहू महाराजांनी कृष्णाबाई केळवकरांना वैद्यकीच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवलं आणि त्यांनी इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, काम केलं. एका बाईच्या शिक्षणावर खर्च केला तर तो गावाला परत मिळतो, हे इथल्या दरबाराने शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. शेजारच्या मिरजेत वानलेस यांच्या रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच परिचर्येचं शिक्षण सुरू झालं होतं. आणि चिकाटीचं म्हणाल, तर खंडपीठासाठी इथल्या वकिलांनी दशकानुदशकं लढा दिला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आणलंच.

म्हणून आमच्या मागण्या अशा. प्रत्येकीला लेखी नियुक्तिपत्र द्या. दवाखाना बदलला तरी अनुभवाची वर्षं धरूनच पगार ठरवा. अतिदक्षता, डायलिसिस, नवजात शिशू विभाग अशा ठिकाणी तयार झालेल्या सिस्टरला वेगळी श्रेणी आणि नवशिक्यांना शिकवण्याचा अधिकार द्या. पुढच्या शिक्षणासाठी रजा द्या आणि परतल्यावर जागाही द्या. मूळ प्रमाणपत्रं अडकवणं आजपासून बंद करा. आणि रात्री घरापर्यंत गाडी द्या.

आमच्या बाजूनेही आम्ही बांधून घेत आहोत. नोंदणी नसलेल्या व्यक्तीकडून इंजेक्शन-सलाईनची कामं करून घेतली जात असतील, तर आम्ही ते झाकणार नाही, मग ती व्यक्ती आमच्या ओळखीची का असेना. औषधाची चूक झाली तर ती लगेच सांगू आणि सांगणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभ्या राहू. मामा आणि मावशी आमच्याबरोबर तेच वॉर्ड ओढतात. त्यांचा पगार कापून आमचा वाढणार असेल तर ती वाढ आम्हाला नको.

येत्या १२ मे रोजी, जागतिक परिचारिका दिनी, गुलाबाची फुलं घेण्याआधी प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी आम्ही एक कागद लावू. त्या पाळीत रुग्ण किती आणि परिचारिका किती, एवढंच त्यावर असेल. तो रोज तिन्ही पाळ्यांना बदलला जाईल. सामील व्हायचं असेल तर नोंदणी क्रमांक आणि नियुक्तिपत्राची प्रत घेऊन या. नियुक्तिपत्र मिळालंच नसेल तर तसं लिहून आणा. पहिली यादी आम्ही त्याचीच करणार आहोत.