सही केलेला हात

१५ डिसेंबर १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संस्थानिकांच्या तनख्यांचा खटला निकालात काढला. १६ तारखेला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला निवृत्त झाले आणि १७ ला त्यांना पासष्ट वर्षे पुरी झाली. १७ डिसेंबर ही त्यांची जयंती. निवृत्तीच्या आदल्या दिवशी सरकारच्या विरोधात निकाल देणारा हा न्यायाधीश मूळचा नागपूरच्या वकिलीतला, ही आठवण आपल्या गावाने जरा जपून ठेवायला हवी.

रायपूरला शाळा, मग इथले मॉरिस कॉलेज (नाव कधीचेच बदलले, पण जुने नागपूरकर अजून मॉरिसच म्हणतात), पुढे केंब्रिज आणि लिंकन्स इन. १९३० मध्ये ते नागपुरात वकिली करू लागले तेव्हा इथे हायकोर्ट नव्हते. ते १९३६ साली आले. वकिली सांभाळून ते कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवत. १९४३ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल, १९४६ मध्ये न्यायाधीश, १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश. फाळणीनंतर थोरले बंधू इक्रामुल्ला पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव झाले. हे नागपुरातच राहिले. १९५६ ला राज्यपुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली, हायकोर्टाचे खंडपीठ उरले, आणि मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला नव्या मध्य प्रदेशच्या हायकोर्टासाठी जबलपूरला गेले. सर्वोच्च न्यायालय त्यानंतर दोन वर्षांनी.

पण त्यांचा खरा कस लागला तो १९६९ साली. मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. उपराष्ट्रपती गिरी कारभार पाहत होते. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची म्हणून जुलैत त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. अशा वेळी सरन्यायाधीशाने राष्ट्रपतीचे काम पाहावे, असा कायदा संसदेने त्याच वर्षी केला होता. त्यानुसार २० जुलै ते २४ ऑगस्ट हिदायतुल्ला कार्यवाहक राष्ट्रपती होते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले ते याच दिवसांत, आणि ९ ऑगस्टला बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याला राष्ट्रपती म्हणून संमती दिली तीही त्यांनीच.

त्या कायद्याला आव्हान मिळाले आणि अकरा न्यायाधीशांचे पीठ बसले. देशातल्या एवढ्या मोठ्या खटल्यात सरन्यायाधीशाने अध्यक्षस्थानी असावे, ही कोणाचीही अपेक्षा. हिदायतुल्ला त्या पीठावर बसले नाहीत. कायद्यावर स्वतःची सही होती. न्यायमूर्ती शहा यांच्या अध्यक्षतेखाली फेब्रुवारी १९७० मध्ये कायदा रद्द झाला. आमच्या मते त्यांच्या सगळ्या निकालपत्रांहून हे न बसणे मोठे. एका माणसाला दोन खुर्च्या मिळाल्या, की पहिलीचा मोह दुसरीवर घेऊन जाणारेच जास्त.

तनख्यांच्या खटल्यात मात्र ते बसले. सरकारने सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने साऱ्या संस्थानिकांची मान्यता एकाच फटक्यात काढून घेतली होती, म्हणजे तनखेही गेले. नऊ विरुद्ध दोन मतांनी आदेश पडला. संस्थानिकांचा कळवळा लोकांना फारसा नव्हता, आम्हालाही नाही. पण तेवढा अधिकार राष्ट्रपतींना घटनेने दिलेला नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी सरकारने सव्विसावी घटनादुरुस्ती करून तनखे बंद केले, म्हणजे जे करायचे ते संसदेतून केले.

पुढे १९७९ ते ८४ ते उपराष्ट्रपती होते. आता बोबडे आणि गवई यांच्यामुळे नागपूरचा सरन्यायाधीश म्हटले की कोणाला नवल वाटत नाही. हिदायतुल्लांचे नाव निघायला मात्र १७ डिसेंबर उजाडावा लागतो.