नोकरी सांभाळून पदवी

नोकरी सांभाळून माहिती-तंत्रज्ञानाची ऑनलाइन पदवी घ्यावी का, असे शेजारची तरुण मुले मला विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त संस्थांची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे जाहीर केले, हे खरे. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या, परवानगीविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या रोखल्या. किंमत मोजली ती विद्यार्थ्यांनी. म्हणून शुल्क भरण्याआधी आयोगाच्या यादीत संस्थेबरोबर त्या अभ्यासक्रमाचेही नाव पाहावे. मान्यतेचा प्रश्न असा सुटेल. वेळेचा मात्र घरातच सोडवावा लागेल. मुलाला रात्रीचे दोन तास सहज मिळतात. नोकरी करणाऱ्या सुनेला ते मिळायचे, तर स्वयंपाकघराचा भार इतरांनी उचलायला हवा.