मतदारसंघ म्हणजे कुणाचे वतन नव्हे!

बडोदे म्हटले की मराठी माणसाला सयाजीराव महाराज आठवतात, आणि त्यात गैर काही नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसला आणि १९०६ साली त्याने सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण आज बोलायचे आहे ते बडोद्याच्या गादीबद्दल नव्हे, दिल्लीतल्या बडोद्याच्या जागेबद्दल. शेतकरी आणि मच्छिमार बांधवांनो, त्या जागेची कहाणी नीट ऐका. ती आपल्याही कामाची आहे.

महाराजांनी १९०७ साली धारासभा स्थापन केली. सल्ला सभेने द्यायचा, शेवटचा शब्द हुजुरांचा, असा तो मामला होता. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि खरा मालक बदलला. हुजूर गेले, मतदार आला.

या नव्या मालकाने १९५२ साली काय केले? इंदुभाई अमीन या अपक्षाला निवडून दिले. मात्र १९५७ साली सयाजीरावांचे पणतू फत्तेसिंहराव गायकवाड उभे राहिले आणि जिंकले. १९६२ साली पुन्हा तेच. १९६७ साली स्वतंत्र पक्षाचे पाशाभाई पटेल आले. त्या काळात फत्तेसिंहराव गुजरात विधानसभेत होते आणि मंत्री म्हणून आरोग्याबरोबर मत्स्यव्यवसायाचे खातेही त्यांच्याकडे होते. १९७१ आणि १९७७ साली ते परत लोकसभेत गेले. १९८० व १९८४ साली त्यांचे बंधू रणजितसिंह निवडून आले. म्हणजे आठ निवडणुकांपैकी सहा एकाच वाड्यात!

कुणी म्हणेल, ही तर मागल्या दाराने आलेली राजेशाही. आम्ही तसे म्हणणार नाही. संस्थानिकांचे तनखे १९७१ च्या अखेरीस बंद झाले, तरी १९७७ साली लोकांनी फत्तेसिंहरावांनाच मते दिली. ती मते कुणी लुटून नेली नव्हती. ज्या घराण्याने शाळा काढल्या, वाचनालये उघडली, त्याचे उपकार बडोदेकर गुजराती माणूस विसरला नाही. ही कृतज्ञता मोठी आहे. पण बांधवांनो, पणजोबाच्या पुण्याईवर पणतूला किती वेळा मत द्यायचे? मत ही आभाराची सुपारी नव्हे. मत म्हणजे पुढच्या पाच वर्षांच्या कामाचा करार. भाटकार भला होता म्हणून कुळाने आपला हक्क सोडून द्यावा काय?

बडोद्याच्या मतदाराने याचे उत्तर १९८९ साली दिले. जनता दलाचे प्रकाश ब्रह्मभट्ट निवडून आले आणि वाड्याची सद्दी संपली. पण एक मोह सुटला की दुसरा जडतो. १९९१ साली दूरदर्शनवरच्या रामायण मालिकेतली सीता, दीपिका चिखलिया, भाजपतर्फे खासदार झाली. आधी मुकुटाला मत, मग पडद्याला!

१९९६ ची गोष्ट तर प्रत्येक वाड्यावर सांगावी अशी. काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड जिंकले ते अवघ्या १७ मतांनी. लाखो मतांच्या मतदारसंघात सतरा मते! एक रापण ओढायला याहून जास्त हात लागतात. ‘माझ्या एका मताने काय होणार?’ असे म्हणून मतदानाच्या दिवशी घरी बसणाऱ्याने हा आकडा चुलीवरच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

त्यानंतर १९९८, १९९९ आणि २००४ असे तीनदा भाजपच्या जयाबेन ठक्कर आणि २००९ साली त्याच पक्षाचे बाळकृष्ण शुक्ल निवडून आले. २०१४ साली नरेंद्र मोदी इथून ५,७०,१२८ मतांच्या आघाडीने जिंकले. पण ते वाराणसीतूनही उभे होते. त्यांनी वाराणसी ठेवली, बडोदे सोडले. सप्टेंबरात पोटनिवडणूक झाली आणि रंजनबेन भट्ट आल्या. कायद्याने दोन जागा लढवता येतात हे खरे. पण मतदाराला एकच मत, मग उमेदवाराला दोन जागा का? एवढ्या प्रचंड मताधिक्याने निवडून दिलेला माणूसही चार दिवसांत दुसरीकडचा होतो, आणि पुन्हा रांगेत उभा राहतो तो मतदारच. हा कायदा बदललाच पाहिजे. २०२४ साली हेमांग जोशी खासदार झाले. आघाडी पुन्हा पाच लाखांच्या वर.

सतरा मतांचा खासदार असो की पाच लाखांचा, सभागृहात दोघांचे मत एकच. पण सतरा मतांनी निवडून आलेला मतदाराला भिऊन वागतो. पाच लाखांनी आलेल्याला भीती कसली? म्हणून जिथे आघाडी मोठी, तिथे मतदाराने जास्त जागे राहिले पाहिजे.

गोव्यात आपल्या हाती मत आले ते ९ डिसेंबर १९६३ रोजी. बडोदेकरांनी त्याआधी अकरा वर्षे ते वापरले होते. त्यांच्या अनुभवातून शिकायचे ते एवढेच: दारात येणाऱ्याला त्याचे आडनाव विचारू नका, तो कुठल्या चित्रात दिसला ते विचारू नका. खाजनाचा बांध फुटला तर तू कुठे असशील, ते विचारा. मोठे ट्रॉलर किनाऱ्याला भिडले तर कुणाच्या बाजूने बोलशील, ते विचारा. उत्तर लक्षात ठेवा. आणि पाच वर्षांनी तेच उत्तर त्याच्यासमोर धरून हिशेब मागा!